पाण्याला गेलेली बाई

आमच्या घरात मुलांसाठी चित्रांचं एकच पुस्तक होतं, आणि ते आईनं केलं होतं. आईला वाचता येत नव्हतं. चित्रांच्या खाली गिरण्यांची नावं छापलेली असत, ती आई कात्रीनं उडवून टाकायची. कुणाला वाचायची नाहीत तर जागा कशाला अडवायची, असं तिचं म्हणणं. मी तेव्हा मराठी तिसरीत होते आणि मला वाचता येत होतं. हे मी बोलून दाखवलं की ती म्हणायची, "तुला येतंय तर शाळंतलं वाच की."

ही चित्रं कापडाच्या ताक्यांवरची. वडील सोलापुरात एका कापडाच्या दुकानात गुमास्ते होते. त्या काळी गिरणीतून निघालेल्या ताक्यावर, म्हणजे कापडाच्या अख्ख्या घडीवर, एक रंगीत चित्र डकवलेलं असे. हत्ती, मोर, आगबोट, घड्याळ, लक्ष्मी, छत्री घेतलेली मडम, असं काहीही. खेड्यातलं गिऱ्हाईक गिरणीचं नाव विचारत नसे. ते म्हणे, मागल्या साली मोर नेला होता, औंदा मोरच द्या. चित्र निघालेला ताका कितीही चांगला असला तरी बायका त्याला हात लावत नसत. म्हणून दुकानाचा नेम असा, की ताका संपेपर्यंत चित्राला नख लावायचं नाही. शेवटचा तुकडा विकला गेला की चित्र गुमास्त्याचं. वडील ते कोटाच्या खिशातून घरी आणत आणि काही न बोलता आईच्या हातावर ठेवत. एरवी ते घरी काही आणणारे गृहस्थ नव्हते.

मध्ये एकदा गावात विलायती कापडाविरुद्ध हवा तापली. चौकाचौकांत होळ्या व्हायला लागल्या. तेव्हा मालकांनी घाईघाईनं विलायती ताक्यांवरची चित्रं खरवडून घेतली आणि ते कापड मागच्या खोलीत नेऊन टाकलं. त्या आठवड्यात वडिलांचे दोन्ही खिसे मडमांनी आणि आगबोटींनी भरून आले. देशाचं काय भलं झालं ते मोठ्यांना ठाऊक, आमच्या पुस्तकाचं मात्र झालं.

पुस्तकाची पानं म्हणजे कापडाच्या गाठींभोवतीचा जाड खाकी कागद. शेजारी तेलुगू विणकरांचं घर होतं. तिथली बाई मागावरच्या सुताला लावायची खळ करायची, त्यातली वाटीभर आम्हाला द्यायची. कसर लागू नये म्हणून आई त्यात चिमूटभर मोरचूद घालायची आणि आम्हाला दटावायची, बोटं चाटाल तर मराल. धाकटा भाऊ बोटं चाटायचाच. तो मेला नाही. काही चित्रं एकाच रंगात छापलेली असत, ती आम्ही घरी रंगवायचो. हळद, कुंकू आणि कपड्यांना घालायची नीळ, एवढाच आमचा रंगांचा संसार. भावानं एक अख्खा हत्ती हळदीनं माखला. वडील त्याला बघून म्हणाले, "कावीळ झालीय की ह्याला." पण हत्ती तसाच राहिला.

संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला, चूल विझली, की कंदिलाभोवती पुस्तक उघडायचं. खेळ साधा होता. पहिल्या पानापासून गोष्ट सुरू करायची. एका पानाला एक जण. चित्रात जे असेल ते गोष्टीत आलंच पाहिजे, एकही पान गाळायचं नाही, आणि काल सांगितलेलं आज सांगायचं नाही. आता मोरानंतर आगबोट आणि आगबोटीनंतर लक्ष्मी, यांची गोष्ट जुळवायची म्हणजे नाकी नऊ येत. भाऊ अडला की गोष्टीतल्या सगळ्यांना जेवायला बसवायचा. मी अडले की कुणाला तरी मारून टाकायची. आई कधी अडत नसे. तिनं एकदा मडमेला घड्याळ गिळायला लावलं होतं आणि मग तिच्या पोटात बारा वाजले की सगळं गाव जेवायला बसे. आई शाळेत गेली असती तर काय झालं असतं, असले विचार मी फार नंतर केले. त्या वेळी मला एवढंच वाटे, की हिला हे सुचतं कुठून.

अशा घरात सांगोल्याची पोर आली. ती आईच्या धाकट्या बहिणीची मुलगी, चार वर्षांची असेल. सांगोल्याकडे सलग दोन सालं पाऊस नव्हता. विहिरींच्या तळातलं गढूळ पाणी लोक प्यायले आणि गावात पटकी शिरली. आईची बहीण त्यात गेली. तिच्या नवऱ्यानं पोरीला आमच्या दारात आणून बसवलं. "पाऊस पडंपातुर ठेवा," म्हणाला, आणि उरलीसुरली मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात खालच्या मुलखात निघून गेला. पुढे पाऊस पडला. तो आला नाही. त्यानं दुसरं लग्न केल्याचं कानावर आलं, आणि पोर आमच्याकडेच राहिली.

तिच्या आईचं काय झालं हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ती झोपेत असताना सगळं उरकलं होतं. त्यामुळे ती आमच्याकडे आली ती पाहुण्यासारखी. उंबऱ्याच्या आत येऊन भिंतीला पाठ लावून बसायची. तोंडाला कुलूप. भाकरी पुढे केली तर घ्यायची, पण आमच्या देखत खायची नाही. भावानं तिला आपला भोवरा देऊ केला. त्याच्या स्वभावात हे बसणारं नव्हतं, आणि तिनं तो घेतला नाही म्हणून त्याला बरंच वाटलं.

आईला मुलगी हवी होती का? मी होतेच की. पण माझ्या पाठीवर झालेली एक मुलगी सहा महिन्यांची होऊन गेली होती, आणि ही पोर आल्यापासून आईची नजर तिच्यावरून हलत नव्हती. आईनं हे लपवलं नाही. एकदा वडिलांना भाकरी वाढताना ती सरळ म्हणाली, "तिनं मला आई म्हणावं, एवढंच मला पायजे. दुसरं काय बी न्हाय." वडील म्हणाले, "म्हणंल की, सावकाश." पण आईला सावकाश हा शब्द कधीच मानवला नाही.

पोर बोलायला लागली ती पुस्तकामुळे. ती लांबून बघायची, मग एका संध्याकाळी सरकत सरकत कंदिलाच्या उजेडात आली. त्या आठवड्यात वडिलांनी नवं चित्र आणलं होतं. नदीकाठी उभी असलेली एक बाई, हिरवं लुगडं, कमरेवर पितळेची घागर, मागे नारळाची झाडं. चांगलं ठसठशीत चित्र होतं. आईनं ते त्याच दुपारी चिकटवलं होतं. ते पान आईच्या वाट्याला आलं आणि पोरीनं त्या बाईवर बोट ठेवून विचारलं, "ही कुटं चाललीया?" ती आमच्याकडे आल्यापासूनचे हे तिचे पहिले शब्द.

आई म्हणाली, "ही व्हय? ही तुजी आई. पाण्याला गेलीया."

कशाला बोलली ती असं? ते तिनं ठरवून केलं नव्हतं, एवढं मी सांगू शकते. पोरीनं तोंड उघडलं याचा आनंद आणि बहिणीचं दुःख एकदम वर आलं असेल. शिवाय खेळच तो होता. चित्रातल्या माणसाला काहीतरी नाव द्यायचं, कुठेतरी पाठवायचं. आमच्या आईला त्याची सवय होती. पण पोरीला खेळ ठाऊक नव्हता. सांगोल्याकडे त्या सालात बाया पाण्याला जात त्या कोस कोस जात आणि दिवस बुडताना परत येत. तिनं नुसती मान हलवली. तिला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच पानावर विचारलं, "आली न्हाय?" आता कालचं आज सांगायचं नाही हा नेम आईनंच घातलेला. आई म्हणाली, "गावची हीर आटली. म्हनून पल्याडच्या गावाला गेली." तिसऱ्या दिवशी पल्याडच्या गावची विहीर आटली. चौथ्या दिवशी त्या बाईला कुणीतरी सांगितलं, की पंढरपुरात भीमेला पाणी आहे. मग ती पंढरपूरच्या वाटेला लागली. भीमेचं पाणी उतरलेलं होतं, म्हणून ती वाळवंटात झरा उपसत बसली. पोर ऐकता ऐकता आईच्या मांडीला टेकायला लागली. आमच्या देखत जेवायला लागली. दिवसा भावाबरोबर गारगोट्या खेळताना दिसायला लागली. आईच्या तोंडावर तेज आलं. मला वाटतं, याच तेजानं तिचा घात केला. कारण गोष्ट सांगताना बाई कुठल्या दिशेला चालली आहे, याच्याकडे तिचं लक्षच राहिलं नाही.

ते वडिलांच्या ध्यानात आलं. ते कधी खेळात बसत नसत, बाजूला विड्याचं पान लावत असत. एका संध्याकाळी बाई मोहोळला पोचली. तिथे एका बागवानानं तिला विहिरीवर पाणी भरू दिलं आणि तिनं घागर डोक्यावर घेतली. मुलं झोपल्यावर वडील म्हणाले, "सांगोल्याहून पंढरपूर, पंढरपुरावरनं मोहोळ. आता उद्या सोलापूर नाका. परवा आपल्या दारात हुबी ऱ्हाईल. मंग काय करशील?" मी जागी होते. आईनं कंदिलाची वात बारीक केली. मग म्हणाली, "काय की."

त्यानंतर बाई मोहोळातच अडकली. तिची घागर फुटली. तिच्या पायात काटा मोडला. बागवानाच्या बायकोचं बाळंतपण निघालं आणि तिला तिथे राहावं लागलं. आईची अक्कल एवढी कधी पणाला लागली नसेल. पोर मात्र मोहोळ हे नाव धरून बसली. मोहोळकडून गाड्या येतात तो रस्ता कुठला, हे तिनं शेजारच्या बाईला विचारून घेतलं. रोज दुपारी ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. अर्धी भाकरी परकराच्या ओच्यात ठेवायची. "आई चालून आली की भूक लागंल," असं तिनं भावाला सांगितलं. भावानं मला सांगितलं आणि मी आईला. आई पीठ मळत होती, ती तशीच थांबली. "आता खरं कसं सांगू?" ती म्हणाली. "आता सांगितलं तर ती माझ्या जवळ सुदिक यायची न्हाय." आईचा जीव त्या एका हाकेत अडकला होता आणि पोर तिला मावशीच म्हणत होती. म्हणणारच. तिची आई मोहोळात होती ना!

दिवाळीच्या आधी पोरीला परकराचं कापड घ्यायचं म्हणून आई आम्हा तिघांना घेऊन दुकानात गेली. घरच्यांनी दुकानात यावं हे वडिलांना पसंत नव्हतं, पण सणाच्या दिवसांत चालायचं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बार्शीकडून, अक्कलकोटकडून माणसं आली होती. मालक एका कोपऱ्यात कुणाशी तरी कानडीत भांडत होते. वडील गादीवर गुडघे मोडून बसले होते आणि त्यांच्या पाठीमागे छतापर्यंत ताके रचले होते. नवा माल त्याच दिवशी फोडला होता. खालपासून वरपर्यंत, ओळीच्या ओळी, प्रत्येक ताक्यावर हिरव्या लुगड्यातली बाई घागर घेऊन उभी होती.

मला आधी काही वाटलंच नाही. मला ताके आणि छाप माहीत होते. आईलाही माहीत होते, चित्रं रोज तिच्याच हातात असायची. पण पोरीला हे दिसेल, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. पुस्तक तिनं घरी पाहिलं होतं. पुस्तकात ती बाई एकच होती.

पोर मान वर करून बघत राहिली. इतक्यात पुढ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या खेडूत बाईनं ताका ओढून घेतला, चित्रावर थाप मारली आणि म्हणाली, "हीच न्हवं घागरवाली? लई टिकती. फाडा नऊ वार." वडिलांनी गज घेतला आणि मापायला सुरुवात केली. पोरीनं त्यांना विचारलं, "ह्या समद्या बाया कुटनं आल्या?" वडील मापता मापता बोलत नसत, चूक होते म्हणून. पण त्या दिवशी बोलले. गर्दीत त्यांच्याही लक्षात आलं नाही. "गिरणीतनं," म्हणाले. "चित्रं हायती ती. ताक्यावर डकवायची."

मग त्यांनी वर पाहिलं आणि त्यांच्या हातातला गज थांबला. आईनं पोरीला उचलून घेतलं. पोर रडली नाही. तिनं परकरासाठी दाखवलेल्या सगळ्या कापडांना नुसतं "व्हय" म्हटलं. शेवटी मी एक निळं निवडलं. घरी येताना ती आईच्या खांद्यावरून मागे बघत होती, पण दुकानाकडे नाही. रस्त्याकडे. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा तिनं ओच्यातला भाकरीचा तुकडा काढला आणि एका शेळीपुढे टाकला.

त्या संध्याकाळी आई पुस्तक काढायला तयार नव्हती. भावानं हट्ट केला. पहिली पानं कशीतरी झाली. मडमेचं पान माझं होतं, मी तिला पटकन आजारी पाडून मोकळी झाले. पुढचं घागरवालीचं. ते आईचं होतं, पण आई पहिल्यांदाच अडली. तेव्हा पोरीनंच पान उलटलं. "ही दुकानातली बाई हाय," म्हणाली. पान गाळलं म्हणून भाऊ ओरडला. मी त्याला चिमटा काढला. पोर पुस्तकापुढून उठली, आईच्या मांडीत जाऊन बसली आणि तिच्या पदरात तोंड खुपसून म्हणाली, "आई, मला झोप आली."

'आई' असं म्हणाली ती. अगदी स्पष्ट. मी वडिलांकडे पाहिलं, वडील आईकडे पाहत होते. महिनोन् महिने ज्या शब्दासाठी आईनं एका चित्रातल्या बाईला गावोगाव वणवण फिरवलं, तो शब्द तिच्या पदरात आयता येऊन पडला होता. मला वाटलं, आता ही हसेल, तिचे मुके घेईल.

आईनं तिला मांडीवरून उतरवून समोर बसवलं. "मी मावशी," ती म्हणाली. "आई न्हाय. तुजी आई माजी धाकली बहीन. ती पाण्याला गेली न्हवती. तिला पटकी झाली. ती मेली."

वडील म्हणाले, "अगं—"

पोरीनं विचारलं, "मंग तू खोटं का बोललीस?"

"मला भ्या वाटलं," आई म्हणाली. "तू रडशील म्हनून. आन् मला तू पायजे हुतीस."

पोर तेव्हा रडली. आल्यापासून रडली नव्हती ते सगळं रडली. आईही रडत होती, पण तिनं पोरीला जवळ ओढलं नाही. तशीच समोर बसून राहिली. ओढण्याचा हक्क आपण घालवला, असं तिला वाटत असावं. भाऊ घाबरून माझ्या पाठीशी आला. बऱ्याच वेळानं हुंदके थांबले आणि पोरीनं विचारलं, "ती कशी व्हती?"

आमच्याकडे किंवा सांगोल्याला, कुणाचीच तसबीर नव्हती. आईनं सवयीनं पुस्तक जवळ ओढलं, दोन पानं उलटली आणि मिटून टाकलं. त्यात कुठून असणार? मग तिनं डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या आणि हात कंदिलाखाली धरला. मनगटाच्या वर तिचं गोंदण होतं. मधे तुळशीवृंदावन, दोन्ही बाजूंना ठिपक्यांच्या ओळी. लग्नाआधी माहेरी गोंदून घेतलेलं, हिरवट पडलेलं. आम्ही ते रोज बघत होतो.

"आमी दोघी एका घोंगड्यावर बसलो हुतो," आई म्हणाली. "आदी माजं केलं. मी लई वरडले. तिचं करताना ती गपगार. गोंदारनीला म्हनाली, अक्काचं हाय तस्संच काढ, एक बी ठिपका कमी नको. हे असंच तिच्या हातावर हुतं. ह्येच. मी रोज भाकऱ्या थापते न्हवं, तवा तिचाच हात दिसतो मला."

पोरीनं बोट पुढे केलं आणि ठिपक्यांवरून हळूहळू फिरवलं. एकदा खालून वर, एकदा वरून खाली. आईनं हात धरून ठेवला. तो भरून आला असणार, कारण तिनं दुसऱ्या हातानं कोपर सावरलं होतं, पण तिनं तो खाली घेतला नाही. पोर बसल्या जागी पेंगायला लागली आणि त्याच हातावर डोकं टेकून झोपली.

सकाळी मला जाग आली ती तिच्या हाकेनं. अंथरुणात उठून बसून ती हाका मारत होती, "मावशी! ए मावशी!"

चुलीपुढून आई "ओ" म्हणाली, आणि पिठाच्या हातांनी तशीच उठून तिच्याकडे गेली.